दोरीच्या टोकाची ताटली

त्या दुपारी धक्क्यावर दहा वस्तू होत्या. दोन कापडी आरामखुर्च्या, एक थर्मास, दोन कप, निळ्या पुठ्ठ्याची वही, वहीला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल, साखळीत ओवलेले एक भिंग, एक बंद पडलेले जुने घड्याळ, आणि दहावी मी. माणसेही दोनच होती. त्यांतले एक झोपलेले होते.

मित्रांनो, मी एक जुनी एनॅमलची ताटली आहे. माझा व्यास वीस सेंटीमीटर. मधोमध भोक आहे, त्यातून दोरी ओवलेली आहे आणि खाली शिशाचा गोळा लटकतो. माझे चार सारखे भाग पाडून समोरासमोरचे दोन काळे रंगवले आहेत, दोन पांढरेच ठेवले आहेत. कडेला एक टवका उडालेला आहे. त्याची हकीकत पुढे येईलच.

आधी जन्माचे सांगते. एका कारखान्यात लोखंडी पत्र्यातून मला कापले, दाबून गोल केले, पांढऱ्या लेपात बुडवले आणि भट्टीत घातले. भट्टीतून बाहेर आले तेव्हा मी इतकी चकचकीत होते, की मला वाटले, आता कोणी माझ्यावर काही वाढणार नाही, फक्त पाहत राहतील. तसे काही झाले नाही. आम्ही सहा जणी एका खोक्यातून एका नव्या संसारात गेलो आणि पहिल्याच दिवशी माझ्यावर उकडलेले बटाटे आले.

संसार घड्याळजींचा होता. बाजाराच्या तोंडाशी त्यांचे छोटे दुकान होते. एका डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर घड्याळे उघडायचे. केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्याने उचलून जागच्या जागी बसवायचे, आणि तेवढा वेळ श्वास रोखून धरायचे. बाई एका शाळेच्या कचेरीत होत्या. तीस वर्षे त्यांनी हजेरीपट सांभाळले. खाडाखोड त्यांना खपत नसे. त्यांच्या लेकीने पहिला भात माझ्यातच खाल्ला. चौथ्या वर्षी तिनेच मला पुस्तकांच्या फळीवरून खाली सोडून पाहिले. का, असे विचारल्यावर ती म्हणाली, किती वेळ लागतो ते बघत होते. तो टवका त्या दिवशीचा.

टवका उडालेली ताटली पाहुण्यांपुढे जात नाही. मी मागे पडले. आधी डब्यावर झाकण झाले, मग मांजराचे दूध माझ्यात आले, मग मी एका कुंडीखाली गेले. कुंडीखाली किती वर्षे गेली ते सांगता येणार नाही, तिथे मोजायला काही नसते. माझ्या पाच बहिणी एकेक करून कुठे गेल्या, तेही मला कळले नाही.

मग घड्याळजींनी दुकान बंद केले, बाईंची नोकरी संपली आणि दोघे या तळ्याकाठच्या घरात राहायला आले. लहानसे घर, मागे दार, दारातून बारा पावलांवर लाकडी धक्का. पहिल्या उन्हाळ्यात लेक आली. ती आता पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत होती. बाबांना दिवसभर स्वस्थ बसवत नाही हे तिने दोन दिवसांत ओळखले. तिने मला कुंडीखालून काढले, घासले, रंगवले, भोक पाडले आणि वडिलांच्या हातात दिले.

काम सोपे होते. दुपारी बाराला धक्क्याच्या टोकाशी, सावलीच्या बाजूने, मला पाण्यात सोडायचे. मी दिसेनाशी झाले की गाठी मोजायच्या. मग हळूहळू वर ओढायचे, आणि दिसू लागले की पुन्हा मोजायच्या. दोन आकड्यांच्या मधला आकडा तो त्या दिवसाचा. पाणी जितके स्वच्छ, तितका तो मोठा. दोरीला दर दहा सेंटीमीटरवर गाठ घड्याळजींनी मारली, एकही गाठ इकडची तिकडे नाही. दर मीटरला लाल दोरा बाईंनी गुंडाळला.

जाताना लेकीने एक नियम घालून दिला. पाहणारा माणूस एकच असावा. आज एकाने पाहिले, उद्या दुसऱ्याने, असे झाले तर आकड्यांची एकमेकांशी तुलना करता येत नाही. नियम बरोबर होता. घड्याळजींना तो फारच आवडला. दोरी त्यांची, वही बाईंची, अशी वाटणी झाली आणि सात वर्षे ती कोणी मोडली नाही.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती सर्वांत मानाची वर्षे. रोज मला पुसून कोरडे करून खुंटीला अडकवत. पहिल्या उन्हाळ्याच्या शेवटी माझा आकडा होता चार मीटर वीस. दुसऱ्या उन्हाळ्यात चार. मग तीन साठ, तीन दहा, दोन साठ, दोन वीस. आणि या वर्षी, सातव्या उन्हाळ्याच्या शेवटच्या आठवड्यात, एक नव्वद.

तळे गढूळ होत चालले होते. निदान वहीत तसे लिहिले होते.

आता मी एक गोष्ट सांगते, जी मला कोणाला सांगता आली नाही, कारण मला तोंड नाही. मी पाण्यातून वर पाहत असते. पहिल्या उन्हाळ्यात घड्याळजी वरून "गेली" म्हणायचे, तेव्हा त्यांचा चेहराही मला दिसेनासा झालेला असायचा. आम्ही एकमेकांना एकाच वेळी हरवत होतो. तिसऱ्या उन्हाळ्यापासून ते "गेली" म्हणत, तेव्हा त्यांचा चष्मा मला दिसत असे. पाचव्यात भुवया दिसत. या वर्षी ते "गेली" म्हणून मान वळवत, तेव्हा त्यांच्या दाढीचे राहून गेलेले खुंटसुद्धा मी मोजू शकत होते. पाण्यात काही बदललेले नव्हते.

घड्याळजींनी मात्र गुन्हेगार शोधून काढला होता. शेजारच्या धक्क्यावर लाँड्रीवाले राहत. रस्त्याच्या कडेला त्यांची लाँड्री, मागे घर. चाळीस वर्षे लोकांचे कपडे पांढरे करून दिलेला माणूस. स्वतःच्या शर्टाला कायम अशी कडक घडी, की घड्याळजी त्यांना "इस्त्री" म्हणत. रोज चार वाजता इस्त्री आमच्या धक्क्यावर चहाला यायचे आणि दोघे एकमेकांची टिंगल करत बसायचे. चौथ्या उन्हाळ्यात, आकडा तीन दहावर आला तेव्हा, घड्याळजी त्यांच्या दुकानात गेले आणि दोन गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, की तुझ्या साबणाच्या पाण्याने तळ्याची वाट लागली. एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण ते पुढे म्हणाले, "आणि एवढा साबण ओतून उपयोग काय? माझे शर्टसुद्धा हल्ली पिवळे होऊन येतात."

साबणाचे लाँड्रीवाल्यांनी कदाचित सोडून दिले असते. पिवळ्याचे नाही. त्या दिवसापासून त्यांच्या धक्क्यावरच्या खुर्चीची पाठ आमच्याकडे झाली. पाचव्या उन्हाळ्यानंतर त्यांनी वय झाले म्हणून लाँड्री बंद केली. साबण थांबला. सहाव्या उन्हाळ्यात आकडा तरीही उतरला. बाईंनी तो लिहिला, पेन्सिल थोडा वेळ तशीच कागदावर धरली, आणि वही मिटली.

घरातही काही गोष्टी होत होत्या. घड्याळजींना सगळे दिवे मंद वाटत. त्यांनी दोनदा बल्ब बदलले. भिंतीवरचे घड्याळ बंद पडले, ते उघडून पाहिले आणि तसेच परत लावले, म्हणाले, हल्ली स्क्रू मेले फारच बारीक करतात. बाईंनी डोळ्यांच्या डॉक्टरचे नाव काढले तेव्हा ते दुखावले. ज्याने चाळीस वर्षे केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या, त्याला आता भिंतीवरची अक्षरे वाचून दाखवायला लावणार का, असे त्यांचे म्हणणे. विषय तिथेच संपला.

या उन्हाळ्यात घड्याळजींनी घर विकायचे ठरवले. एक मरते तळे रोज मोजत बसण्याची त्यांच्यात ताकद नव्हती. शहरात लेकीच्या जवळ दोन खोल्या पाहिल्या होत्या. रविवारी घर घेणारा माणूस येणार होता आणि त्याला शब्द द्यायचा होता. बाईंना जायचे नव्हते. त्यांनी तसे एकदा सांगितले, दुसऱ्यांदा सांगितले नाही, आणि पुढच्या खोलीत सहा खोकी भरून ठेवली. धक्क्यावरचे दोन कप सोडून सगळे कप त्यांत गेले होते. मी कुठल्याच खोक्यात नव्हते. शहरात मला काय काम?

तो दिवस शुक्रवार होता. उन्हाळा संपत आला की इथे ऊन मऊ होते. वारा नव्हता. दोघे सकाळपासून धक्क्यावर बसून होते. बाईंनी शेंगा सोलल्या, घड्याळजींनी एक जुने घड्याळ मांडीवर घेऊन नुसते हातात फिरवले. लवकर जेवण झाले. बारा वाजायच्या आत घड्याळजींचा डोळा लागला. तोंड किंचित उघडे, चष्मा नाकावर घसरलेला.

बाराला बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. उठवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मग खुंटीवरून मला काढले. सात वर्षांत पहिल्यांदा दोरी त्यांच्या हातात होती. मला त्यांच्या बोटांची सवय नव्हती, त्या एकेक गाठ जपून सोडत होत्या.

एक मीटर. एक पन्नास. एक नव्वद आला. बाई थांबल्या, कारण इथे मी नाहीशी व्हायला हवे होते. मी नाहीशी झाले नाही. त्यांनी मान वाकवली. दोन मीटर. अडीच. तीनचा लाल दोरा पाण्यात गेला तशा त्या गुडघ्यांवर बसल्या. खालून त्यांचा चेहरा मला दिसत होता आणि त्यांना मी. चार मीटर. मग चार वीसला आम्ही एकमेकींना हरवले. वर येताना चारला पुन्हा सापडलो.

मधला आकडा चार मीटर दहा.

हजेरीपट सांभाळलेली बाई एका मोजणीवर विश्वास ठेवत नाही. त्यांनी मला पूर्ण वर काढले, पुन्हा सोडले. मग तिसऱ्यांदा. तीनदा चार दहा आले. त्यांनी वही उघडली, पहिल्या पानापासून बोट फिरवत शेवटपर्यंत आल्या, आणि बोट सहाव्या उन्हाळ्यावर थांबले. मग झोपलेल्या माणसाकडे बराच वेळ पाहिले. त्यांनी खाली वाकून त्यांचा चष्मा हळूच वर सरकवला. ते जागे झाले नाहीत.

मला वाटले, आता त्या हाक मारतील. पण त्यांच्या मनात एक शंका आली असावी. त्यांना हे घर सोडायचे नव्हते. ज्याला एखादी गोष्ट हवी असते, त्याच्या डोळ्यांना ती जरा जास्त दिसते. म्हणून त्या काठाने चालत शेजारच्या धक्क्यावर गेल्या आणि पाठ फिरवलेल्या खुर्चीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "भावोजी, जरा येता का? एक काम आहे."

लाँड्रीवाले तीन वर्षांनी आमच्या धक्क्यावर आले. पांढरा शर्ट, कडक घडी. झोपलेल्या घड्याळजींना वळसा घालून आले. बाईंनी त्यांना कारण सांगितले नाही, आकडाही सांगितला नाही. गाठी दिसू नयेत म्हणून दोरी खुर्चीच्या मागून सोडली आणि एवढेच सांगितले, की ताटली दिसेनाशी झाली की "गेली" म्हणा, वर येताना दिसली की "आली" म्हणा. लाँड्रीवाले फळ्यांवर पालथे झोपले. विजारीची घडी मोडली, त्याकडे त्यांनी लक्ष दिले नाही.

त्यांचा आकडा बरोबर चार मीटर आला.

"तो किती म्हणतो?" त्यांनी उठता उठता हळू आवाजात विचारले.

"एक नव्वद."

लाँड्रीवाले तिथेच फळीवर बसले. त्यांनी स्वतःच्या शर्टाच्या बाहीकडे पाहिले. "म्हणजे शर्ट पांढरेच होते, वहिनी."

"पांढरेच होते. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

मला वाटले होते ते हसतील. तीन वर्षे राग धरलेल्या माणसाला तेवढा हक्क होता. ते हसले नाहीत. झोपलेल्या मित्राच्या मांडीवर ते बंद घड्याळ होते, त्याकडे पाहत बसले.

चार पावलांवर कोणीतरी बसले आहे हे घड्याळजींना जाग आल्यावर कळले. त्यांनी मान पुढे काढली, डोळे बारीक केले. सूर्य समोर होता. "कोण आहे?" त्यांनी विचारले.

"मी. पिवळा शर्ट."

घड्याळजी सावरून बसले. बाईंनी त्यांना अवघडू दिले नाही. "अहो, बाराची वेळ टळून गेली," म्हणत त्यांनी दोरी त्यांच्या हातात दिली.

तेवढे करणे त्यांना सोपे होते. ते टोकाशी वाकले आणि मला सोडले. त्यांचा चेहरा माझ्या अगदी ओळखीचा. दाढीचे खुंट, चष्म्याच्या काचेवरचा बोटाचा ठसा. मी एक मीटर नव्वदवर होते.

"गेली," ते म्हणाले.

त्यांच्या शेजारी लाँड्रीवाले वाकले होते. "मला दिसतेय."

"इस्त्री, थट्टा नको."

"दिसतेय रे. काळं वेगळं, पांढरं वेगळं. कडेचा टवकासुद्धा दिसतोय."

घड्याळजींनी बाईंकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे असेल ते त्यांना नीट दिसले की नाही, मला ठाऊक नाही. बाई म्हणाल्या, "मलाही दिसतेय."

घड्याळजींनी वाद घातला नाही. दोरी न ओढता विचारले, तुम्हाला कुठपर्यंत दिसते. बाईंनी दोन्ही आकडे सांगितले. गाठी कोणी मोजल्या, किती वेळा मोजल्या, पाहणाऱ्याला आकडा आधी माहीत होता का, हे सगळे त्यांनी विचारून घेतले. प्रत्येक उत्तराला मान हलवली. मग मला हळूहळू वर काढले, मांडीवर घेतले आणि अंगठा माझ्या कडेवरून फिरवत राहिले. टवक्यापाशी अंगठा थांबला.

"गिऱ्हाइकाचं घड्याळ मागे पडायचं," ते म्हणाले, "आणि गिऱ्हाईक मला सांगायचं, चौकातलंच घड्याळ पुढे आहे. चाळीस वर्षं मी त्या लोकांना हसलो."

मग त्यांनी हात लांब करून लाँड्रीवाल्यांची बाही दोन बोटांत धरली. कापड चाचपून पाहिले.

"कुठला रंग आहे हा?"

"पांढरा."

"बरं," घड्याळजी म्हणाले. बाही त्यांनी लगेच सोडली नाही.

बाईंनी थर्मास उघडला. कप दोन आणि माणसे तीन झाली होती. घड्याळजींनी आपला चहा थर्मासच्या झाकणात घेतला. रविवारी येणाऱ्या माणसाचे काय करायचे, हे बाईंनी विचारले नाही. घड्याळजींनीच चहा संपल्यावर विचारले, की बाकीचे कप कुठल्या खोक्यात आहेत.

संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन केला. ती दोन्ही हातांनी डोके धरून बसली असणार, कारण घड्याळजी तिला समजावत होते, की नियम तुझा चुकलेला नाही, पाहणारा एकच असावा हे बरोबरच आहे, फक्त अधूनमधून त्या पाहणाऱ्याला तपासावे एवढे लिहायचे राहून गेले. घर विकायचे नाही, हे तिने त्या माणसाला कळवावे, असेही शेवटी सांगितले.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू असल्याचे सांगितले. आधी उजवा, महिन्याभराने डावा असे ठरले. उजव्या डोळ्यानंतर दिवसातून चार वेळा बाई थेंब घालत आणि वहीच्या मागच्या पानावर वेळ लिहीत. लाँड्रीवाले रोज चार वाजता येत. त्यांच्या खुर्चीची दिशा बदलली होती. घड्याळजी त्यांना शर्टावरचा नसलेला डाग दाखवत.

मित्रांनो, माझे सांगणे एवढेच. माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू तुमच्या घरात कुंडीखाली पडलेली असेल तर तिला बाहेर काढा, घासा, कामाला लावा, आणि काम झाल्यावर पुसून ठेवा. आणि ज्यांच्यावर तुमचा जीव आहे त्यांना जग जरा मळलेले दिसू लागले, तर त्यांच्याशी भांडू नका, त्यांना मागेही टाकू नका. त्यांच्या शेजारी वाकून तुम्हीही एकदा पाण्यात पाहा, आणि काय दिसते ते त्यांना सांगा. बाई ते सात वर्षांनी करू शकल्या. तुम्ही तेवढा वेळ लावू नका.

डॉक्टरांनी वाकायची परवानगी दिली त्या दिवशी घड्याळजी बाराच्या आधीच धक्क्यावर येऊन बसले. ऊन आणखी मऊ झाले होते. बाई वही घेऊन समोर बसल्या तसे ते त्यांच्याकडे बघतच राहिले. "तुझ्या कपाळावर ही रेघ कधी आली?" त्यांनी विचारले.

"तळं गढूळ व्हायला लागलं तेव्हा," बाई म्हणाल्या आणि पेन्सिलीला टोक करू लागल्या.

बारा वाजता घड्याळजींनी मला सावलीच्या बाजूने पाण्यात सोडले. आधी डावा डोळा हाताने झाकून, मग उजवा झाकून. गाठी बाईंनी मोजल्या आणि त्या तारखेपुढे दोन ओळी लिहिल्या.

उजवा डोळा: चार मीटर दहा सेंटीमीटर.

डावा डोळा: एक मीटर नव्वद सेंटीमीटर.